एक्केचाळीस नंबरची पँट

बुधवारची सकाळ होती. डेल्बर्ट कुबेना शेगडीपाशी अंडी तळत होता आणि त्याची बायको अर्लीन जेवणाच्या टेबलावर धुतलेले पांढरे हातमोजे जोड्या लावून रचत होती. चौऱ्याण्णव मुलांचे चौऱ्याण्णव जोड. शाळेच्या बँडचा हंगाम सुरू झाला की कुबेनांच्या घरी न्याहारी मांडीवर बशी घेऊनच होते, कारण टेबल तेव्हा बँडच्या मालकीचं असतं.

"माझ्या टोस्टवर कुणाचा तरी हात पडलाय," डेल्बर्ट म्हणाला.

"दे इकडे. मघापासून तोच शोधतेय."

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. स्वोबोदा गावात ओळखीचं माणूस मागच्या दारानं येतं, आणि तेही दार वाजवत नाही, नुसती हाक मारतं. पुढचं दार वाजवणारा एक तर पाद्री, नाही तर विमावाला.

"विमावाला असेल तर मी मेलो म्हणून सांग."

"मग तर तो घरातच शिरेल," म्हणत अर्लीन उठली.

दारात पस्तिशीची एक बाई उभी होती. अंगात वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातला निळा डगला, केसांवर जाळी, आणि दोन्ही हातांवर आडवी धरलेली एक काळी पँट. तापानं फणफणलेलं मूल दवाखान्यात न्यावं, तशी तिनं ती धरली होती. अर्लीननं बाईच्या आधी पँटकडे बघितलं. छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली बँडची पँट. आतल्या पट्टीवर आकडा होता, एक्केचाळीस.

"तुम्ही मिस अर्लीन ना? मी मारिसेला इबारा. नोएमीची आई. नोएमी म्हणजे..."

"क्लॅरिनेटवाली. नववीतली. उंचीनं कमी, मान ताठ. आत ये."

"मी चूक केलीय हो."

"ती दिसली मला. आत तर ये. अंडी खातेस?"

अर्लीनला ती चूक अंगणातूनच दिसली असती. सव्वीस वर्षं ती शाळेच्या बँडचे गणवेश सांभाळत होती. तिची मुलगी जनेल ट्रंबोन घेऊन बँडमध्ये गेली, त्या वर्षी पालकांच्या सभेत कुणीतरी विचारलं, शिवणटिपण कुणाला येतं? अर्लीननं हात वर केला, आणि तो खाली घ्यायचं राहूनच गेलं. जनेल शिकून अमारिलोला गेली. धाकटा कर्टिस ढोल बडवून बडवून कॉलेजात गेला. अर्लीन पोस्टाच्या खिडकीवरून निवृत्त झाली. पण उन्हाळा सरत आला की मुलं तिच्याकडे येतच राहिली, दर वर्षी नवी, दर वर्षी तेवढ्याच वयाची. एका पँटमधून सात-आठ मुलं जातात. प्रत्येकाचं नाव आतल्या पट्टीवर शाईनं लिहिलेलं असतं. त्याचाही एक नियम. पँट अंगावर आली म्हणून नाव लागत नाही. मैदानावर पहिला कार्यक्रम करून आल्यावर लागतं.

एक पँट इतक्या मुलांना पुरवायची, म्हणूनच बँडच्या पँटला कात्री लावायची नसते. मूल ठेंगणं असेल तर कापड आत दुमडायचं, सैल हातटाके घालायचे. पुढच्या वर्षी ते उसवून उंच मुलाला द्यायची. एक्केचाळीसच्या दोन्ही पायांचं कापड चांगलं वीतभर कापलेलं होतं आणि खाली मशीनची बारीक, सरळ, देखणी टीप होती.

"शिवण सुरेख आहे," अर्लीन म्हणाली. ते खोटं नव्हतं.

"माझी आई लरेडोत मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे झगे शिवायची. मी तिच्याच हाताखाली शिकले. मला वाटलं, शाळेनं पँट दिली, ती माझ्या पोरीची. लांब आहे, तर नीट बेतून देऊ." मारिसेलानं अंड्याला हात लावला नव्हता. "मग काल तिनं शाळेत घातली. बूट घालून पाय उचलला तर घोटा उघडा. क्लॅरिनेटच्या ओळीतली एक वरच्या वर्गातली मुलगी म्हणाली, कुठे पाणी साठलंय का गं? सगळी हसली. कालपासून माझ्याशी बोलत नाहीये."

"अनवाणी उभी करून माप घेतलंस?"

"हो."

"हं."

"ऑगस्टमध्ये नव्या पालकांची सभा होती म्हणे. त्या दिवशी मी कामावर होते. नवरा पाइपलाइनवर, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो. कुणी सांगितलंच नाही."

ती सभा दर वर्षी अर्लीनच घ्यायची. कात्रीची गोष्ट ती अगदी शेवटी सांगायची, म्हणजे ती लक्षात ठेवून लोक घरी जातील. यंदा सत्तावीस घरांची माणसं आली होती. कोण आलं नाही, हे तिनं बघितलं नव्हतं.

"दुसरी पँट नाही का?" मारिसेलानं विचारलं.

"आहेत ना. तीन उरल्यात. तिन्ही सहा फुटी पोरांच्या. तुझी नोएमी त्यातल्या एकीच्या एका पायात मावेल."

उद्या गुरुवारी शाळा सुटल्यावर गणवेशांची तपासणी होती. बँडचे मास्तर टिडवेल सर माणूस मऊ, पण एका बाबतीत दगड. कमरेपासून बुटापर्यंत सलग काळं दिसलं पाहिजे. चौऱ्याण्णव मुलं चालत असताना एकाचा घोटा लुकलुकला तर लोक तेवढाच बघतात, असं त्यांचं म्हणणं. ज्याचा गणवेश अपुरा, तो बाहेर बसणार आणि त्याच्या जागी राखीव मूल चालणार. शुक्रवारी शाळेच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतराला, मैदानभर चालत आणि आकृत्या करत वाजवायचा, यंदाचा पहिला कार्यक्रम होता. नोएमीनं पूर्ण ऑगस्ट त्यासाठी उन्हात काढला होता.

"बोलणं टाकण्याआधी एवढंच म्हणाली, आजारी आहे म्हणून कळवणार," मारिसेला म्हणाली. "बाहेर बसण्यापेक्षा ते बरं. आणि मिस अर्लीन, एकदा घरी बसली ना, की ती परत जायची नाही. मी ओळखते तिला. या गावात तिला अजून एक मैत्रीण नाही. जे काही आहे ते त्या क्लॅरिनेटच्या ओळीतच आहे."

अर्लीननं पँट उलटी केली, शिवण बोटांनी चाचपली.

"कापलेले तुकडे कुठेत?"

"आहेत. कापड टाकायचं नाही, असं आई सांगायची. बिस्किटांच्या निळ्या डब्यात ठेवलेत."

"मग चारला ये तुकडे घेऊन. मागच्या दारानं ये."

मारिसेला गेल्यावर डेल्बर्टनं तिच्या बशीतलं अंडं आपल्या बशीत घेतलं. "तुझ्या आई असत्या तर म्हणाल्या असत्या, पाच वर्षांच्या पोराला पंधरा वर्षांचा कोट शिवावा."

"असत्या तर आत्ता हातमोजे लावू लागल्या असत्या. खा आणि ये."

चारला मारिसेला आली, मागच्या दारानं, पण सवय नसल्यामुळे तिनं तेही दार वाजवलंच. टेबल मोकळं झालं होतं. वर इस्त्री, काळा दोरा आणि अर्लीनचा मासेमारीचा डबा. गळ आणि शिसं ठेवायच्या त्याच्या खणांत आता सुया, टाचण्या, हुक, टोपीच्या पट्ट्या, बुटाच्या नाड्या आणि पांढरे पिसांचे तुरे होते. डबा मुळात डेल्बर्टचा. तो म्हणतो, बाईनं माझे मासे वाचवले.

अर्लीननं दोऱ्याचं रीळ मारिसेलाकडे सरकवलं.

"मी?"

"मग कोण? मला सुईचं नेढं दिसत नाही आताशा. तुझी टीप आधी उसव. तुकडा खाली जोड, शिवण इस्त्रीनं फोडून सपाट कर. मग उरलेलं आत दुमड. आणि या वेळी बूट घातलेल्या पायाचं माप."

मारिसेलानं खिशातून कागदाची पट्टी काढली. शाळेतून आलेली नोएमी बूट न काढताच झोपाळ्यावर झोपली होती, तेव्हा तिच्या नकळत घेतलेलं माप. अर्लीन हसली. बाई शिकत होती.

हात चालू लागले तशी अर्लीननं ऑगस्टमधली चुकलेली सभाही उरकून घेतली. सभेत ती खुर्चीवर उभी राहून बोलायची, इथे वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता.

"आता नोव्हेंबरपर्यंत तुझ्या गाडीत ओल्या मोज्यांसारखा वास येणार. काचा खाली ठेवायच्या, दुसरा इलाज नाही. पोरगी घास तोंडात धरून झोपेल. उठवायचं नाही, नुसता चमचा काढून घ्यायचा."

"कालच झोपली. मक्याचं कणीस हातात."

"पायावर मोज्यांपर्यंत ऊन लागून पट्टे येतील, ते नाताळापर्यंत जात नाहीत. चर्चला जाताना झगा घालशील तिला, आणि ती रडेल. ओरडशील तू, आणि मग तूही रडशील. रोज एक काहीतरी हरवेल. ते माझ्याकडे असेल. आधी माझ्याकडे विचारायचं, मग पोरीला बोलायचं."

"आणि कार्यक्रमात?"

"कार्यक्रमात तुला ती सापडणार नाही."

"माझी मुलगी मला सापडणार नाही?"

"सगळ्यांची टोपी सारखी, तुरा सारखा, पँट सारखी. आठ मिनिटं तू भलत्याच पोराकडे बघून डोळे पुसशील. एक बाई चार वर्षं दुसऱ्याच मुलाचे फोटो काढत होती. शेवटी ते त्याच्या आईला देऊन टाकले."

मारिसेला हसली. सकाळपासून पहिल्यांदा. तिची सुई झरझर चालत होती. अर्लीननं तिचं मनगट धरलं.

"इतके घट्ट टाके नकोत. लांब घाल, सैल घाल."

"सुटतील ना."

"सुटू देत. पुढच्या वर्षी कुणीतरी हे उसवणार आहे. त्याला शिव्या द्यायची पाळी आणू नकोस."

मारिसेलानं दोन इंच उसवून पुन्हा लांब टाके घातले. ते तिला जड गेलं, कळत होतं. जन्मभर टिकेल असं शिवायला शिकलेला हात तो.

एक पाय झाला. घोट्याच्या वर चार बोटांवर जोडाची रेघ होती. इस्त्रीनं बसली होती खरी, पण होती. मारिसेलानं पँट खुर्चीच्या पाठीवर टांगली आणि स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं.

"इथून दिसत नाही. पण मैदानाच्या पायऱ्यांवर वर बसलेल्यांना, दिव्यांच्या उजेडात? वरून दिसेल का हो?"

अर्लीनचा हात शेंगेवर थांबला.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"वरून काय दिसतं ते मला माहीत नाही. मी वर कधी बसले नाही."

मारिसेलाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चुकलं. "सव्वीस वर्षांत?"

"मी खाली फाटकापाशी असते, डबा घेऊन. पोरं आत जाताना कुणाची चेन अडकते, कुणाची टोपीची पट्टी तुटते. चालू कार्यक्रमातून एखादं पोर धावत येतं. तिसऱ्या वर्षी मी निम्म्या पायऱ्या चढले होते, तर ढोलवाल्याचा पट्टा तुटला. परत काही चढले नाही."

"फाटकातून काय दिसतं?"

"पाय," अर्लीन म्हणाली.

"डबा दुसऱ्या कुणाकडे देईल तर ना," डेल्बर्ट दारातून म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. "तीन बायका शिकायला आल्या होत्या. एकीचे टाके वाकडे, एकीची जीभ लांब, आणि तिसरीचं काय गं?"

"तिसरी कात्री घेऊन आली होती."

मारिसेलाचे कान लाल झाले. पण अर्लीन तिच्याकडे बघत नव्हती. ती उठून ओट्याखालचा खण उघडत होती. खणात कागदी रुमाल होते, सामन्याच्या खाऊच्या टपरीवर मिळतात तसे, मोहरीचे डाग पडलेले. प्रत्येकावर पेननं ठिपके, बाण, गोल. डेल्बर्ट दर वर्षी वरून तिसऱ्या रांगेत बसायचा आणि मध्यंतर संपलं की रुमालावर काढून आणायचा. इथे जहाज झालं, मग जहाजाचं फूल झालं, मग फूल फुटून सगळी पोरं कडेला गेली. चोवीस रुमाल. गेली दोन वर्षं त्याच्या कमरेनं संप केला होता. पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून तो बाहेर ट्रकमध्ये बसून रेडिओवर ऐकायचा.

"रेडिओवर जहाज दिसत नाही," तो म्हणाला.

अर्लीननं रुमाल खणात परत ठेवले. "दुसरा पाय घे," ती मारिसेलाला म्हणाली. "सहा वाजत आले."

गुरुवारी शाळेच्या बँडच्या खोलीत चौऱ्याण्णव मुलं रांगांत उभी होती. मागच्या भिंतीपाशी अर्लीन होती, आणि अर्ध्या दिवसाची सुटी काढून आलेली मारिसेला. तिनं मक्याच्या पानांत वाफवलेल्या तमाल्यांचं पातेलं आणलं होतं, ते कुठे ठेवावं हे न कळून तसंच हातात धरून उभी होती. टिडवेल सर रांगेतून हळूहळू येत होते. एकाची नाडी बांधायला लावली, एकीचं कानातलं काढायला लावलं. नोएमीपाशी ते थांबले.

"पाय उचल."

तिनं उचलला.

"दुसरा."

दुसराही उचलला. सर वाकले. घोट्याच्या वरती त्यांची नजर जराशी अडकली, असं मारिसेलाला वाटलं. पातेल्याचं झाकण तिच्या हातात वाजायला लागलं, तसा अर्लीननं त्यावर तळहात ठेवला. सर सरळ झाले आणि त्यांनी खोलीच्या मागे, भिंतीकडे बघितलं. अर्लीननं त्यांच्यावर जी नजर लावली होती, ती सव्वीस वर्षांत गावातल्या तीन मास्तरांच्या ओळखीची झाली होती.

"एक्केचाळीस, ठीक," सर म्हणाले आणि पुढे गेले.

नोएमीची मान हलली नाही. हलवायची नसतेच. पण सुटल्यावर ती आली, पातेल्याचं झाकण उचलून आत बघितलं आणि म्हणाली, "कोंबडीचे आणलेस की डुकराचे?" दोन दिवसांत आईशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मारिसेलानं "दोन्ही, मिहा, दोन्ही माझ्या पोरी," एवढंच म्हटलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

शुक्रवारी संध्याकाळी अर्धं गाव मैदानावर होतं. स्वोबोदाचा संघ पहिल्या अर्ध्यातच सणकून मार खात होता, पण ती नवी गोष्ट नव्हती. मध्यंतराला सहा मिनिटं उरली तेव्हा बँड खाली फाटकापाशी आला. मारिसेलाही तिथेच होती. तिच्या छातीवर, सदऱ्याला, दोरा ओवलेल्या चार सुया टोचलेल्या होत्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं. एका चिमुकल्या पोराची चेन अडकली, तिनं ती मेण लावून सोडवली. एकीचा तुरा वाकला होता, तो दोन टाक्यांत उभा केला. लांब टाके, सैल टाके. अर्लीन डबा धरून बघत होती.

"आता तू वर जा," अर्लीन म्हणाली. "मधोमध, वरून तिसरी रांग. पोरीचा पहिला कार्यक्रम खालून बघायचा नसतो."

"आणि इथलं?"

"इथे मी आहे ना. जा. आणि जोड दिसतो का ते बघून ये."

मारिसेला पळत पायऱ्या चढली. ढोल वाजला, ओळी आत गेल्या. अर्लीन फाटकाच्या गजापाशी उभी राहिली. तिला चौऱ्याण्णव जोड पाय दिसत होते, कमरेपासून बुटापर्यंत सलग काळे, एकदम वळणारे, एकदम थांबणारे. एक्केचाळीस कुठला, हे तिला चालीवरून कळत होतं. वरून लोकांचा एक मोठा हुंकार आला, मग टाळ्या. काहीतरी झालं होतं वर, कशाचं तरी काहीतरी बनलं होतं. अर्लीननं मान उंच करून बघितली. पायच दिसले.

मुलं घामानं निथळत बाहेर आली. नोएमी अर्लीनपुढे येऊन उभी राहिली आणि तिनं छातीपाशी येणारी पँटची पट्टी उलटी केली. अर्लीननं डब्यातलं शाईचं पेन काढलं आणि सात नावांखाली आठवं लिहिलं.

मारिसेला धापा टाकत खाली आली. नाक लाल, गाल ओले.

"दिसला का जोड?"

"कसला जोड हो. मी पूर्ण वेळ एका पोरीवर नजर ठेवून रडत होते, आणि शेवटी टोपी काढली तर तो मुलगा निघाला."

"सांगितलं होतं."

"पण मिस अर्लीन, ते काय होतं? आधी नुसती गर्दी, आणि मग एकदम..." तिनं दोन्ही हात पसरले, जवळ आणले, पुन्हा पसरले. "पक्षी होता. नाही, आधी नदी होती. पंख असे उघडले की माझ्या शेजारचा म्हातारा उभाच राहिला. सांगता येत नाही मला. तुम्ही बघायलाच हवं."

अर्लीननं डब्याची कडी लावली. बाहेर ट्रकमध्ये डेल्बर्ट रेडिओ लावून बसला असेल. खाऊच्या टपरीवर कागदी रुमालांची चळत ठेवलेली होती. तिनं त्यातला एक घेतला, नीट चौकोनी घडी केली आणि खिशात ठेवला.

"पुढच्या शुक्रवारी मध्यंतराला हा डबा तू धर," ती मारिसेलाला म्हणाली. "मला एकदा वर बसून बघायचंय."